हँडल बदलताना : एका तारेचा इतिहास

मोटारसायकलचं हँडल बदलणं हे दिसायला चार बोल्टांचं काम आहे. वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सोडवायचे, लिव्हर आणि स्विच सरकवून काढायचे, जुन्याच्या जागी नवं हँडल ठेवायचं, मधोमध आहे ना ते डोळ्यांनी ताडायचं आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. नवं हँडल जुन्यासारखंच असेल तर काम इथेच संपतं. पण ते जुन्यापेक्षा चार बोटं उंच असेल, किंवा थोडं मागे आलेलं असेल, तर गंमत सुरू होते. क्लचची वायर पुरत नाही. पुढच्या ब्रेकची कशीबशी पुरते, पण हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की ताणली जाते. रेसची वायर पुरल्यासारखी वाटते, आणि गाडी चालू करून हँडल डावीकडे वळवलं की इंजिनाचा आवाज आपोआप चढतो. मूठ कोणी पिळलेली नसते, वायर कुठेतरी ओढली गेलेली असते. रस्त्यावर, वळणावर हेच घडलं तर काय होईल, याची कल्पना प्रत्येक मेकॅनिकला असते. म्हणून नवं हँडल बसवल्यावर चांगला मेकॅनिक सगळ्यात आधी गाडी चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतो आणि कान देऊन उभा राहतो.

हँडल गाडीला बोल्टांनी जोडलेलं असतं. चालवणाऱ्याला मात्र गाडीशी जोडतात त्या वायरी. या लेखाचा विषय त्या वायरींचा इतिहास हा आहे. मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनांवर ग्रंथ लिहिले गेले, शर्यतींवर लिहिले गेले, कंपन्यांच्या उदयास्तावर तर पुष्कळच लिहिलं गेलं. हँडलपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या या तारेकडे मात्र ती तुटल्याशिवाय कोणाचं लक्ष जात नाही.

आपण तिला सरसकट 'वायर' म्हणतो. क्लच वायर, ब्रेक वायर, रेसची वायर. विजेशी तिचा काही संबंध नाही, तरी विजेच्या तारेलाही वायर आणि हिलाही वायरच. तिचं मूळ नाव बोडन केबल.

मूठ आधी आली, तार नंतर

चालत्या दुचाकीवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात हँडलवर असले पाहिजेत, ही गोष्ट आज सांगावी लागत नाही. पण वेग कमी-जास्त करणारी कळ हँडलवरच असली पाहिजे, हे यंत्राच्या दृष्टीने मुळीच सोयीचं नाही. इंजिन खाली, सांगाड्याच्या मध्ये. हँडल वर, पुढे, आणि सतत वळणारं. स्थिर भागातून फिरत्या भागाकडे हालचाल न्यायची कशी, हा मोटारसायकलचा जन्मापासूनचा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सिल्व्हेस्टर रोपर या माणसाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणारी दुचाकी बनवली. तिचं हँडल एका दिशेला पिळलं की वाफ वाढायची आणि उलट दिशेला पिळलं की ब्रेक लागायचा. पेट्रोलवरची मोटारसायकल जन्मण्याच्या कितीतरी आधी 'पिळायची मूठ' कल्पनेत आणि लोखंडात अशी येऊन गेली होती. गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५मध्ये जर्मनीत पेट्रोलवर चालणारी 'राइटवागन' बनवली. तिच्या आधीच्या आराखड्यातही अशीच मूठ होती : एकीकडे पिळली की चालक पट्टा ताणला जाऊन चाक फिरणार, दुसरीकडे पिळली की ब्रेक. त्या आराखड्यात दांडे आणि काटकोनात जोडलेली दंतचक्रंही योजली होती. प्रत्यक्ष गाडी तयार झाली तेव्हा हा सगळा पसारा गळून पडला होता आणि हँडल साधं होतं. कल्पना बरोबर होती. ती वाहून नेणारा दुवा अजून हाती नव्हता.

रोपर सत्तरी ओलांडल्यावरही गाड्या बनवत आणि पळवत होता. १ जून १८९६ रोजी केंब्रिजजवळच्या सायकल ट्रॅकवर आपल्या नव्या वाफेच्या दुचाकीवरून फेऱ्या मारताना तो पडला आणि तिथेच त्याचा मृत्यू झाला. तपासणीत हृदय बंद पडल्याचं आढळलं. अपघाताने हृदय थांबलं की हृदय थांबल्यामुळे अपघात झाला, हे कधीच ठरलं नाही. त्याच १८९६ साली लंडनमध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन याने एका लवचीक तारेचं पेटंट घेतलं. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण मूठ शोधणाऱ्याचं शेवटचं वर्ष आणि मुठीला हवी होती ती तार सापडल्याचं वर्ष एकच आहे.

या शोधाचं श्रेय कधीकधी रॅले सायकल कंपनीचा संस्थापक फ्रँक बोडन याला दिलं जातं. आडनाव एकच असल्याने झालेला हा घोळ असावा. पेटंटवर नाव आहे ते अर्नेस्ट बोडनचं. तारेने चालणारा त्याचा सायकलचा ब्रेक १९०२मध्ये बाजारात आला, आणि १९०४मध्ये तो वारला. आपली तार कुठे कुठे जाऊन पोचली, हे त्याला बघायला मिळालं नाही.

ओढणारी तार, ढकलणारं कव्हर

बोडनने शोधलं काय? तार ओढून लांबचं काम करणं नवीन नव्हतं. देवळातली घंटा दोरीनेच वाजते. दोरीची अडचण अशी की ती सरळ रेषेत ओढते. वळवायची तर प्रत्येक वळणावर कप्पी लागते, आणि ती कप्पी कुठेतरी पक्की बसवावी लागते. हँडल तर सतत फिरणार, तिथे कप्पी बसवणार कुठे?

एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहा. बागेत पाणी घालायच्या रबरी नळीतून एक सुतळी ओवा. नळी वेटोळं करून ठेवा आणि सुतळी ओढा. नळी सरळ व्हायला लागेल, चिरडेल, आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला काहीच पोचणार नाही. आता समजा, ती नळी कशीही वाकते, पण लांबीत अजिबात दबत नाही, आणि तिची दोन्ही टोकं पक्की टेकवलेली आहेत. मग सुतळी ओढली की तेवढीच ओढ दुसऱ्या टोकाला पोचेल, मग नळी कितीही वळणं घेत गेलेली असो.

बोडन केबल म्हणजे हेच. आत पोलादी तारांची पिळलेली दोरी. बाहेर चपट्या किंवा गोल तारेचं, वेटोळ्याला वेटोळं चिकटलेलं स्प्रिंगसारखं आवरण. आतली तार ओढ सहन करते, बाहेरचं कव्हर दाब सहन करतं. आपण लिव्हर दाबतो तेव्हा आतली तार ओढली जाते एवढंच आपल्या लक्षात येतं, पण त्याच क्षणी कव्हर तेवढ्याच जोराने उलट दिशेला ढकललं जात असतं. दोन्ही मिळून काम होतं. क्लचची वायर ढिली झाली की मेकॅनिक लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर बाहेर काढतो. त्यात तार ताणली जाते असं वाटतं, पण तारेला त्याने हातही लावलेला नसतो. त्याने कव्हरला जायचा रस्ता लांब केलेला असतो. कव्हरची लांबी वाढली की आतली तार आपोआप कमी पडते, म्हणजेच घट्ट होते.

या तारेच्या दोन मर्यादा आहेत आणि पुढचा सगळा इतिहास त्या दोन मर्यादांभोवती फिरतो. पहिली, ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाला नेहमी एक स्प्रिंग असते : क्लचची, ब्रेकची, कार्ब्युरेटरच्या स्लाइडची. आपण ओढतो आणि स्प्रिंग परत आणते. दुसरी मर्यादा घर्षणाची. वळणावर तार कव्हरच्या आतल्या बाजूला घासते, आणि हा विरोध एकूण किती अंशांतून तार वळली यावर अवलंबून असतो. बेरजेने नाही, गुणाकाराने तो वाढतो. घर्षणांक ०.१ धरला तर एकूण १८० अंश वळलेल्या तारेला सरळ तारेपेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त जोर लागतो, आणि ३६० अंश वळलेल्या तारेला सुमारे ८७ टक्के. उंच हँडल लावून लांब वायर टाकली, उरलेली वायर वेटोळं करून टाकीखाली कोंबली, आणि क्लच एकाएकी जड झाला, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. वायर खराब नसते, तिला दिलेली वळणं जास्त असतात.

बोटांखाली आलेलं इंजिन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकली चालवणं हा कसरतीचा प्रकार होता. पुष्कळ गाड्यांना क्लच नव्हता. गाडी ढकलत पळायचं आणि इंजिन पेटलं की उडी मारून बसायचं. पेट्रोलची, हवेची, ठिणगी आधी पडावी की नंतर याची, अशा कळा टाकीच्या कडेला बसवलेल्या, आणि तिथून दांड्यांनी इंजिनाला जोडलेल्या. खड्डा समोर दिसला की हँडल दोन्ही हातांनी धरायचं की एक हात सोडून टाकीवरची कळ शोधायची, हा प्रश्न क्षणाक्षणाला पडत असणार.

बोडनच्या तारेने या कळा एकेक करून हँडलवर आणल्या. ब्रिटिश गाड्यांच्या हँडलवर मग लिव्हरांची गर्दी झाली : पेट्रोलची एक, हवेची एक, ठिणगीची एक, इंजिनाची झडप उचलून धरणारी एक, क्लचची एक, ब्रेकची एक. प्रत्येकीला तिची तिची वायर. त्या काळातल्या ब्रिटिश मोटारसायकलचं छायाचित्र पाहिलं तर हँडलवरून खाली उतरणाऱ्या वायरी वडाच्या पारंब्यांसारख्या दिसतात.

यातली पेट्रोलची लिव्हर आज आपल्याला भयंकर वाटेल. ती जिथे सरकवली तिथेच राहायची. हात निसटला, माणूस फेकला गेला, तरी इंजिन त्याच जोरात फिरत राहायचं. पिळायची मूठ ब्रिटिश गाड्यांवर सर्वत्र व्हायला १९३०चं दशक उजाडलं. तरीही बऱ्याच मुठींना एक स्क्रू असायचा, तो आवळला की मूठ सोडल्यावरही जागची हलायची नाही. लांबच्या प्रवासात मनगटाला विसावा म्हणून ही सोय होती.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी घडली. १९०१ साली सुरू झालेल्या 'इंडियन' कंपनीने पिळायची मूठ फार लवकर घेतली, पण सुरुवातीला तारेऐवजी दांडे आणि वळते सांधे वापरून. हार्ले-डेव्हिडसनने तार हँडलच्या नळीच्या आतूनच नेली. दिसायला फार देखणं. पण त्यामुळे हँडल हाच यंत्राचा एक भाग होऊन बसला. बाजारातलं दुसरं कुठलं तरी हँडल आणून लावावं, असं ते काम राहिलं नाही.

कुठल्या हाताला काय द्यायचं, यावरही एकमत नव्हतं. इंडियनचा गिअर टाकीच्या उजव्या बाजूला, हाताने बदलायचा, म्हणून रेसची मूठ सहसा डावीकडे. हार्लेचा गिअर डावीकडे, म्हणून रेस उजवीकडे. ब्रिटिशांचा गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या पायाला. पुढे जपानी गाड्या आल्या त्यात नेमकं उलट. एका गाडीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या गाडीवर बसला आणि घाबरून ब्रेक दाबायला गेला, तर पायाखाली गिअर यायचा. संकटाच्या वेळी माणूस विचार करत नाही, त्याचे हातपाय करतात.

हा गोंधळ शेवटी अमेरिकन सरकारने मिटवला. १ सप्टेंबर १९७४पासून लागू झालेल्या नियमानुसार क्लच डाव्या हाताला, रेस आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला, गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला, असं ठरलं. आणखी एक गोष्ट त्यात होती : हात सुटला की मुठीने आपोआप बंद झालं पाहिजे. अमेरिका ही ब्रिटिश कारखान्यांची मोठी गिऱ्हाईक. ट्रायम्फ आणि नॉर्टन या दोघांनाही १९७५च्या गाड्यांत उजवीकडचा गिअर डावीकडे आणण्यासाठी धडपडावं लागलं. रेसला एक ओढणारी आणि एक परत आणणारी अशा दोन वायरी देण्याची पद्धतही याच काळात रुळली. स्प्रिंग अडकली तरी मूठ उलटी फिरवून इंजिन शांत करता यावं, म्हणून ही दुसरी वायर. तार ढकलू शकत नाही या मर्यादेवर काढलेला तो तोडगा होता : ढकलता येत नाही, तर दोन्हीकडून ओढू.

हँडल माणसाचं झालं

तारेने आणखी एक गोष्ट केली, आणि ती कोणी ठरवून केलेली नव्हती. दांडा असता तर हँडलची जागा कारखान्यात कायमची ठरली असती. तार वाकते, म्हणून हँडल हलवता येऊ लागलं. चार बोल्ट आणि मापाच्या वायरी एवढ्यावर बसण्याची ढब, पाठीचा कोन, खांद्यांची ठेवण, सगळं बदलता येऊ लागलं. गाडी कारखान्याची असली तरी हँडल ज्याचं त्याचं झालं.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८मध्ये एस कॅफे नावाचं ट्रकवाल्यांचं उपाहारगृह सुरू झालं. युद्धात बाँब पडून ते उद्ध्वस्त झालं, १९४९मध्ये पुन्हा उभं राहिलं, आणि पन्नास-साठच्या दशकांत तरुण मोटारसायकलवाल्यांचा अड्डा बनलं. ताशी शंभर मैल गाठणं हे त्यांचं स्वप्न. त्यासाठी ते सरळ उंच हँडल काढून पुढच्या फोर्कच्या नळ्यांनाच पकडणारी दोन आखूड दांडकी लावत. माणूस टाकीवर आडवा झाला की वारा कमी लागतो. कारखान्याच्या वायरी आता लांब पडत. त्या कापून आखूड करायच्या, टोकाला पितळेचा निपल कथिलाने पक्का करायचा, ही कामं घरच्या अंगणात होत. याच सुमारास अमेरिकेत उलट दिशेने प्रवास चालला होता. तिथे हँडल वर वर चाललं होतं, हात खांद्याच्या वर जातील इतकं. १९६९च्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने ती प्रतिमा जगभर नेली. मग हात खांद्याच्या वर जाता कामा नयेत, असे कायदे तिथल्या अनेक राज्यांनी केले. एकीकडे झुकलेला माणूस, दुसरीकडे हात वर करून रेलून बसलेला माणूस. दोघांचं बंड हँडलपासून सुरू झालं, आणि दोघांनाही आधी वायरीचं माप घ्यावं लागलं.

फॅशनच्या पलीकडेही या मोकळीकीचा अर्थ आहे. ज्याला पायाने ब्रेक लावता येत नाही त्याला तो हाताशी आणून देता येतो. ज्याचा एक हात काम करत नाही त्याच्यासाठी क्लच आणि ब्रेक दोन्ही एकाच बाजूला बसवता येतात. हे सगळं शक्य होतं, कारण काम जिथे व्हायचं आहे ती जागा आणि हात जिथे आहे ती जागा, यांची सक्तीची गाठ बोडनने सोडवली. हाच माग पुढे नेला तर आपण कृत्रिम हातापर्यंत पोचतो. शरीराच्या बळावर चालणाऱ्या कृत्रिम हातात खांद्यावरच्या पट्ट्यापासून पंजापर्यंत बोडन केबल जाते. माणूस खांदा पुढे करतो, तार ओढली जाते आणि पंजा उघडतो. मोटारसायकलचा क्लच दाबण्याचं आणि हात गमावलेल्या माणसाने पेला उचलण्याचं तत्त्व एकच आहे.

आपल्याकडची वायर

भारतात मोटारसायकल आली ती साहेबाच्या देशातून, त्यामुळे तिच्या सवयीही तिथल्याच. १९५५मध्ये मद्रासला रॉयल एन्फील्ड बुलेट जोडायला सुरुवात झाली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. ब्रिटनमधला मूळ कारखाना बंद पडला, अमेरिकेच्या नियमाने जगभरचे गिअर डावीकडे गेले, तरी आपली बुलेट एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत उजवीकडचा गिअर सांभाळून होती. म्हैसूरला बनणाऱ्या जावा-येझदीची खुबी वेगळी. तिचा गिअर टाकताना क्लच आतल्या आत आपोआप सुटत असे. क्लचची वायर घाटात तुटली तर बाकीच्या गाड्या कडेला लागत, जावा घरापर्यंत जाई.

पण महाराष्ट्राने वायर खऱ्या अर्थाने ओळखली ती स्कूटरमुळे. कोरादिनो दास्कानियो हा इटलीतला विमानांचा अभियंता. १९४६मध्ये त्याने व्हेस्पा बनवली तेव्हा गिअर पायाऐवजी डाव्या मुठीत आणला. सुरुवातीच्या काही वर्षांत या गिअरसाठी दांडी होती, १९५०च्या सुमारास तिच्या जागी वायरी आल्या : एक मूठ वर फिरवली की ओढणारी, दुसरी खाली फिरवली की ओढणारी. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजने हीच परंपरा पुढे नेली, आणि १९७२मध्ये 'चेतक' आली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मिळाली की पुढची वीस वर्षं ती टिकवायची, असा तो काळ. नवी घेणं सोपं नव्हतं, म्हणून जुनी दुरुस्त करत राहणं भाग होतं. गिअरच्या दोन, क्लचची एक आणि रेसची अशा वायरी हँडलच्या पोटातून सांगाड्याच्या नळीत शिरत आणि थेट मागे इंजिनापाशी निघत.

या वायरी बदलण्याचं एक शास्त्र रस्त्याकडेच्या गॅरेजांत तयार झालं. ते कुठल्या पुस्तकात शिकवलं गेलं नाही. जुनी वायर सरळ उपटायची नाही, तिच्या टोकाला नवी बांधायची आणि जुनीच्या मागोमाग नवी ओढून घ्यायची, म्हणजे आतला रस्ता शोधावा लागत नाही. निपल लिव्हरच्या खाचेत सहज फिरला पाहिजे, त्याला ग्रीस लावायचं. तो अडकला तर लिव्हर दाबताना दर वेळी तार त्याच्या तोंडाशी वाकते, आणि एकेक धागा तुटत जातो. म्हणून वायर बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, निपलपाशी तुटते, आणि तुटण्याआधी चार दिवस क्लच नीट सुटत नाही अशी सूचना देते. पावसाळ्याआधी वरच्या टोकातून तेल सोडायचं, कारण पाणीही तिथूनच आत शिरतं. लांब जायचं असेल तर नवी वायर आधीच जुनीच्या बाजूने घालून चिकटपट्टीने बांधून ठेवायची. रस्त्यात जुनी तुटली की फक्त दोन टोकं अडकवायची.

हे ज्ञान ज्यांच्या हातात होतं त्यातल्या बहुतेकांनी आपल्या कामाला कधी ज्ञान म्हटलं नाही. वायर बदलण्याचे चार पैसे मिळायचे, तेवढंच. पण या राज्यातल्या कामगारांच्या पाळ्या, मास्तरांच्या शाळा, भाजीचे हारे आणि दुधाच्या किटल्या ज्या स्कूटरांवर चालल्या, त्या स्कूटरा अशा हातांमुळे चालल्या. कारखान्याने गाडी बनवली. तिला वीस वर्षं जगवलं ते गॅरेजने.

तारेविना

आता ही तार जायला लागली आहे. सुरुवात ब्रेकपासून झाली. होंडाने १९६९च्या सीबी ७५० या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिला, आणि लिव्हरपासून चाकापर्यंत तारेऐवजी तेल गेलं. २००६मध्ये यामाहाच्या आर६वर रेसचं काम इलेक्ट्रॉनिक झालं. मूठ पिळली की किती अंश पिळली हे सेन्सर संगणकाला सांगतो, आणि इंजिनात किती हवा सोडायची ते एक छोटी मोटर ठरवते. २०१७मध्ये चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्येही ही पद्धत आली. आणि २०२०च्या सुरुवातीला चेतक हे नाव रस्त्यावर परतलं ते विजेच्या स्कूटरवर. क्लचची वायर नाही, गिअरच्या दोन नाहीत, रेसचीही नाही. मूठ मात्र तशीच पिळायची.

यात फायदे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ओल्या रस्त्यावर चाक घसरायला लागलं तर संगणक माणसापेक्षा लवकर जोर कमी करतो. क्लच दाबून दाबून मनगट दुखत नाही. ज्या बायकांना जुन्या स्कूटरचा जड क्लच आणि लांब पडणारी लिव्हर यांमुळे गाडी 'आपल्यासाठी नाही' वाटायची, त्यांना बिनगिअरच्या गाड्यांनी रस्ता मोकळा करून दिला. जुनी हँडलं आणि लिव्हरी ज्या हातांच्या मापाने बनल्या होत्या, ते हात बहुधा पुरुषांचे होते.

तरीही एक फरक उरतो. तार तुटली तर ती तुटलेली दिसते. दहावी नापास मुलगा आणि निवृत्त प्राध्यापक दोघेही वाकून बघतात आणि दोघांनाही कळतं की काय झालं आहे. सेन्सर बिघडला तर दिसत काही नाही. दिवा लागतो, आणि तो का लागला हे विचारायला कंपनीचंच यंत्र लागतं. पूर्वी दुरुस्ती कोणी करायची हे ज्याच्या हातात कसब होतं तो ठरवायचा. आता ज्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे तो ठरवतो. हँडल बदलण्यालाही आता वेगळी चौकट आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये दिला. अपंग व्यक्तीसाठी रूपांतर केलेल्या वाहनाला कायद्यात स्वतंत्र स्थान आहे, ही त्यातली दिलाशाची बाब. बेभान उंच हँडलांवर आणि अर्धवट कापलेल्या सांगाड्यांवर अंकुश हवाच. पण आपल्या शरीराला साजेशी गाडी करून घेण्याचा हक्क आणि इतरांना धोक्यात घालण्याची मुभा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ठेवणारी तपासणी आपल्याकडे अजून नीट उभी राहायची आहे.

तोवर कोट्यवधी गाड्यांत ही तार आहेच. तिला वर्षातून दोनदा तेल आणि मुठीपाशी थोडं ग्रीस एवढंच लागतं. आणि हँडल बदललं असेल तर बोल्ट आवळून झाल्यावर गाडी चालू करावी, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं आणि आवाज ऐकावा. तो चढला नाही, की गाडी रस्त्यावर न्यायला हरकत नाही.